पुलापलीकडचं श्टाटआमहोफ

जर्मनीतलं रेगेन्सबुर्ग शहर बघायला आलेली बहुतेक मंडळी एकच करतात. डॅन्यूबवरच्या दगडी पुलावर चढायचं, अर्ध्यापर्यंत जायचं, वळून कॅथेड्रलच्या जोडमनोऱ्यांसकट सेल्फी काढायचा आणि परत खाली उतरून सॉसेजच्या लायनीत उभं राहायचं. पुलाच्या दुसऱ्या टोकाला काय आहे हे बघायची कुणाला गरजच वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर पुलावरचा तो दगडी पोरगासुद्धा त्याच मताचा आहे. ब्रुकमांडल म्हणतात त्याला. छोट्याशा छपरावर बसलाय, अंगावर जवळजवळ काही नाही, कपाळावर आडवा हात धरून शहराकडे टक लावून बघतोय आणि पाठ आमच्याकडे. आमच्याकडे म्हणजे उत्तरेला, श्टाटआमहोफकडे.

मी मूळची सांगलीची. रेगेन्सबुर्गमध्ये गाड्यांचं आणि चिप्सचं काम करणाऱ्या बऱ्याच कंपन्या आहेत त्यामुळे इकडे मराठी इंजिनियर बऱ्यापैकी सापडतात, त्यातलीच मी एक. शहरात घर परवडेना म्हणून पूल ओलांडून या बाजूला आले आणि मग इथलीच झाले. आता शहरातल्या कलीग्जनी "अगं पण ते रेगेन्सबुर्गच ना" म्हटलं की मला उगाचच राग येतो, जणू माझे खापरपणजोबा इथे मिठाची पोती उचलत होते.

पण राग यायला कारण आहे हो. जवळजवळ सगळा इतिहासभर हे रेगेन्सबुर्ग नव्हतंच. 1245 पासून रेगेन्सबुर्ग हे स्वतंत्र शहर, म्हणजे थेट सम्राटाच्या हाताखालचं, कुठल्या ड्यूकबिकला न जुमानणारं. आणि नदीच्या या काठावर बव्हेरियाचं राज्य. म्हणजे पूल शहराचा आणि पूल जिथे उतरतो ती जमीन दुसऱ्याची. 1135 ते 1146 या काळात बांधलेला पूल, पुढची कित्येक शतकं या पट्ट्यात डॅन्यूब ओलांडायची ही एकच भरवशाची जागा, आणि त्याच्या एका टोकाला एक राज्य नि दुसऱ्या टोकाला दुसरं! 1496 मध्ये बव्हेरियाच्या ड्यूकने श्टाटआमहोफला गावाचा दर्जा दिला तो काही गावावर प्रेम ओतू जात होतं म्हणून नाही, समोरच्या श्रीमंत शहराच्या नाकासमोर आपलं एक दुकान असावं म्हणून. पुढे 1542 मध्ये रेगेन्सबुर्ग प्रोटेस्टंट झालं, बव्हेरिया कट्टर कॅथलिक राहिला, म्हणजे आधीच जकातीवरून भांडणं होती त्यात देवाची भर पडली.

हे भांडण बघायचं असेल तर मिठाची कोठारं बघावीत. बव्हेरियाचं मीठ आल्प्सच्या बाजूने यायचं, नदीतून बोटी उलट्या प्रवाहात घोड्यांनी ओढत आणायच्या. शहराने 1616 ते 1620 मध्ये पुलाच्या दक्षिण टोकाला मिठाचं भलंमोठं कोठार उभं केलं, ते आजही आहे आणि टुरिस्ट त्याच्यासमोरच सॉसेज खात उभे असतात. पण या काठावर बव्हेरियाचं स्वतःचं वेगळं मिठाचं कोठार होतंच. म्हणजे एकच नदी, एकच मीठ, आणि दोन कोठारं एकमेकांकडे डोळे वटारून. आमच्या बाजूच्या कोठाराचं नाव आंद्रेआसश्टाडेल. आता तिथे चित्रकारांचे स्टुडिओ आहेत आणि एक छान थिएटर, ज्यात मोठ्या मल्टिप्लेक्सला न परवडणारे पिक्चर लागतात. माझं जर्मन अर्धंमुर्धं होतं तेव्हासुद्धा मी तिथे जाऊन बसायचे, कळायचं निम्मं पण भिंती बघायला मजा यायची.

इथली मेन स्ट्रीट बघितली की पहिल्यांदा जरा गोंधळायला होतं. पलीकडे शहरात सगळ्या गल्ल्या वाकड्यातिकड्या, अरुंद, मध्ययुगीन, वर बघितलं तर आकाशाची पट्टी. आणि इकडे पूल उतरलात की एकदम रुंद सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना पिवळी, गुलाबी, फिकट हिरवी घरं साधारण एका उंचीची, शेवटाला दोन दगडी खांब. फार सुंदर दिसतं, एखाद्या पेस्ट्रीच्या दुकानासारखं. नवा माणूस म्हणतो वा काय टाऊन प्लॅनिंग. टाऊन प्लॅनिंग कसलं डोंबलाचं, जळून गेलं होतं सगळं!

23 एप्रिल 1809. नेपोलियनने आदल्या दिवशी एकम्यूलला ऑस्ट्रियन सैन्याला हरवलेलं आणि त्यांचा सेनापती आर्चड्यूक कार्ल आपलं सैन्य घेऊन बोहेमियाकडे पळायच्या बेतात. पळायचं म्हणजे डॅन्यूब ओलांडायची आणि डॅन्यूब ओलांडायची म्हणजे रेगेन्सबुर्ग. मागे राहिलेली तुकडी शहराच्या तटावरून लढत राहिली आणि फ्रेंच शिड्या लावून वर चढले. शिड्या न्यायला शिपाई कचरायला लागले तेव्हा मार्शल लान स्वतः शिडी उचलायला धावला अशी गोष्ट सांगतात. या गडबडीत नेपोलियनच्या पायाला गोळी चाटून गेली, मलमपट्टी करून गडी परत घोड्यावर, कारण बातमी पसरली असती तर सैन्य हादरलं असतं. शहरात त्या जखमेची आठवण अजून निघते आणि गाईड लोक ती गोष्ट जोरात सांगतात.

गाईड लोक जे सांगत नाहीत ते पुलाच्या या बाजूचं. ऑस्ट्रियन सैन्य नदी ओलांडून गेलं आणि आता फ्रेंचांनी पुलावरून पाठलाग करू नये म्हणून त्यांनी उत्तरेच्या टेकडीवरून तोफा डागल्या. टेकडी आणि पूल यांच्या मध्ये काय? आमचं गाव. बव्हेरिया तेव्हा नेपोलियनच्या बाजूने होता त्यामुळे ऑस्ट्रियन तोफखान्याला फारसा विचार करायचं कारणही नव्हतं. श्टाटआमहोफ जवळजवळ सगळंच्या सगळं जळालं. पूल वाचला, कार्ल पळाला, नेपोलियन पुढे व्हिएन्नाला गेला, आणि इथल्या लोकांनी राखेतून विटा वेचायला सुरुवात केली. आजची ती पेस्ट्रीच्या रंगाची घरं बरीचशी त्यानंतर उभी राहिलेली आहेत. पुढच्याच वर्षी, 1810 मध्ये, रेगेन्सबुर्ग स्वतःच बव्हेरियात गेलं, म्हणजे ज्या सीमेमुळे एवढी शतकं खुन्नस चालली ती सीमाच राहिली नाही. पुलावरचा या टोकाचा बुरूजही त्याच सुमारास पाडला. तरीसुद्धा श्टाटआमहोफने आपला वेगळा कारभार 1924 पर्यंत चालवला, 1 एप्रिलला शहरात विलीन झालं, आणि 1 एप्रिलच का निवडला यावर प्रत्येकाचा आपापला जोक आहे.

पूल उतरल्या उतरल्या डाव्या हाताला कॅथरीना श्पिटाल लागतं. तेराव्या शतकातलं धर्मादाय रुग्णालय, आता वृद्धाश्रम, आणि त्याला लागून स्वतःची ब्रुअरी. हो, बरोबर वाचलंत. ब्रुअरीवाले 1226 पासूनची परंपरा सांगतात आणि बिअरचा पैसा ट्रस्टकडे जातो. सांगलीत आईला व्हिडीओ कॉलवर हे सांगितलं तर ती म्हणाली "म्हणजे आश्रमाचा दारूचा गुत्ता?" आता यावर काय बोलणार. पण मला त्यातली जास्त आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. या ट्रस्टचा कारभार जुन्या काळापासून अर्धा कॅथेड्रलच्या लोकांकडे आणि अर्धा शहराच्या लोकांकडे. म्हणजे शहर प्रोटेस्टंट झाल्यावर अर्धे कॅथलिक नि अर्धे प्रोटेस्टंट एकाच टेबलावर, बाहेर धर्मावरून युरोप पेटलेला, तीस वर्षं चाललेल्या युद्धात हे गावही भाजून निघालेलं, आणि इथे म्हाताऱ्यांना सूप कुणी द्यायचं नि बिअरचे पिंप किती यावर मीटिंगा. मीटिंगांमध्ये काय भांडले असतील ते असोत, पण आश्रम बंद पडला नाही.

त्यांचं बिअरगार्टन नदीच्या अगदी काठावर आहे. चेस्टनटची मोठी झाडं, खाली खडी, लांबलचक बाकं. जागा धरायची पद्धत अशी नाहीच, कुणाच्याही शेजारी "इथे कुणी आहे का" विचारायचं आणि बसायचं. पहिल्या उन्हाळ्यात मला फार अवघडल्यासारखं व्हायचं. एकदा शेजारच्या टेबलावरच्या आजींनी बास्केटमधून मुळा काढला, चाकूने असा काही गोलगोल कापला की त्याची स्प्रिंग झाली, वर मीठ भुरभुरवलं, आणि माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, खा, पाणी सुटेपर्यंत थांब पण. बव्हेरियातल्या अशा जुन्या बिअरगार्टनमध्ये घरचा डबा आणलेला चालतो, फक्त पिणं त्यांचं घ्यायचं. मग काय, आमची मराठी गँग थालीपीठं घेऊन जायला लागली. त्याच आजींनी एकदा थालीपीठ खाल्लं, लोणी संपवलं आणि विचारलं की यात बटाटा का नाही. जर्मन माणसाला बटाटा नसलेल्या गोष्टीवर पटकन विश्वास बसत नाही.

तिथून परत मेन स्ट्रीटला आलं की थोडं पुढे एक जागा आहे, जिच्यावरून मी सुरुवातीला रोज जायचे आणि मला काहीच माहीत नव्हतं. कोलोसेउम नावाचं हॉटेल होतं तिथे, खाली खाणंपिणं आणि नाचगाण्याचा मोठा हॉल. 19 मार्च 1945 ला, म्हणजे युद्ध संपायला दोन महिनेसुद्धा उरले नव्हते तेव्हा, त्या नाचाच्या हॉलमध्ये सुमारे 400 कैदी आणून कोंडले. नाझींच्या फ्लॉसेनबुर्ग छळछावणीची ही शाखा. त्यात ज्यू बरेच, बाकी वेगवेगळ्या देशांतले लोक. काम काय, तर दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी बॉम्ब टाकून उखडलेले रेल्वेचे रूळ परत बसवायचे, तेही पुढचा बॉम्ब पडेपर्यंत. जंगलात नाही, तारांच्या कुंपणाआड कुठे लांब नाही, मेन स्ट्रीटवर. रोज सकाळी या 400 लोकांना रांगेत पुलावरून शहरात न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे. पायात लाकडी तळव्याचे बूट, दगडी रस्ता, त्यामुळे त्यांचा आवाज लांबून यायचा. म्हणजे नंतर लोक जे म्हणाले की आम्हाला काही कल्पना नव्हती, ते निदान या गल्लीत तरी कुणाला म्हणता येणार नाही. खिडकी उघडली की दिसत होतं.

आणि मग परत तीच तारीख, 23 एप्रिल. 22 एप्रिलच्या रात्री या कैद्यांना दक्षिणेकडे चालवत नेलं, अमेरिकन सैन्य जवळ आलेलं, पुरावा मागे ठेवायचा नव्हता. आधीच उपाशी माणसं, वाटेत कितीतरी मेली, मारली गेली. 23 एप्रिलला जर्मन सैन्याने स्वतःच दगडी पुलाच्या कमानी उडवल्या. त्याच दिवशी पलीकडे शहरात बायका जमल्या, शहर न लढता सोपवा म्हणायला. कॅथेड्रलचा धर्मोपदेशक योहान मायर तिथे बोलायला उभा राहिला, त्याला धरलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे फाशी दिली. तीनच दिवसांनी, 27 तारखेला, शहर न लढताच अमेरिकनांच्या ताब्यात गेलं. काय मिळवलं कुणास ठाऊक. उडवलेल्या कमानी नीट व्हायला 1967 उजाडलं.

कोलोसेउमबद्दल गाव खूप वर्षं गप्प राहिलं. स्मारक झालं ते उशिरा, त्यावर काय लिहायचं यावरूनही वाद झाले, आणि मला वाटतं असे वाद व्हायलाच पाहिजेत, एकमताने पटकन उरकलेल्या पाटीपेक्षा भांडून लावलेली पाटी बरी. दरवर्षी 23 एप्रिलला इथून एक मिरवणूक निघते, मिरवणूक म्हणजे ढोलताशा नाही, नुसतं चालणं, पुलावरून शहरात, कैदी जायचे त्याच रस्त्याने. मीही जाते. आमच्या ऑफिसमधल्या एकाने विचारलं की तू भारतीय, तुझा काय संबंध. मी म्हटलं मी त्याच रस्त्यावरून दूध आणायला जाते, एवढा संबंध पुरे की.

आता कालव्याचं. दगडी पूल दिसायला कितीही देखणा असला तरी बोटवाल्यांच्या दृष्टीने ती कायमची डोकेदुखी. खांब जाडजूड, मधल्या फटी अरुंद, पाणी अडून खाली भोवरे तयार होतात, त्यातून मोठं मालवाहू जहाज नेणं अशक्य. म्हणून मग माइन-डॅन्यूब जलमार्गाच्या कामात ठरलं की पुलाला हात लावायचा नाही, बाजूने कालवा काढायचा. बाजू म्हणजे कुठली हे सांगायला नकोच. गावाच्या उत्तरेने खणलं, वाटेतली घरं पाडली, 1978 मध्ये कालवा सुरू झाला आणि श्टाटआमहोफचं चक्क बेट झालं. दक्षिणेला नदी, उत्तरेला कालवा. शहराचा पूल वाचवायला आमच्या पाठीमागून कापलं, असं इथला म्हातारा माणूस अजूनही म्हणतो. 2006 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नाव लावलं तेव्हा शहराबरोबर श्टाटआमहोफचंही लावलं, तेवढं बरं केलं.

मला मात्र तो कालव्याचा लॉक, म्हणजे दारं लावून पाणी चढवायचं-उतरवायचं नि जहाजं वर-खाली न्यायचं ते टाकं, प्रचंड आवडतो, पूर्वजांची घरं गेलेली नाहीत ना माझी. डॅन्यूबवरून जाणारी क्रूझ जहाजं साधारण 11.4 मीटर रुंद असतात आणि लॉक 12 मीटर. म्हणजे प्रत्येक बाजूला वीतभर-दीड वीत काय ती फट. संध्याकाळी कठड्याला टेकून उभं राहायचं. जहाज इतकं हळू येतं की आधी हलतंय हेच कळत नाही, कॅप्टन बाहेरच्या बाजूच्या छोट्या कंट्रोलपाशी येऊन खाली बघत उभा, डेकवर अमेरिकन आजी-आजोबा हातात वाईनचा ग्लास घेऊन, आणि आपल्यासमोर हाताच्या अंतरावरून कुणाच्या तरी केबिनची खिडकी सरकत जाते, आत टीव्ही चालू, खुर्चीवर टॉवेल. मग दार बंद, पाणी उतरायला लागतं आणि अख्खं तीन मजली हॉटेल आपल्या डोळ्यासमोर जमिनीत खचत जातं. आजी-आजोबा हात हलवत हलवत खाली जातात. आपणही हलवायचा.

पाण्याचं बोलायचं तर पूर हा इथला घरचा विषय. सांगलीत आयर्विन पुलाला किती फूट झालं यावर जसा पावसाळा कापला जातो तसंच इथे, फक्त आकडे मीटरमध्ये आणि मोबाईलवर. जून 2013 मध्ये पातळी 6.82 मीटरवर गेली होती, तेव्हाच्या खुणा नि फोटो शेजाऱ्यांकडे आहेत. पाणी वाढायला लागलं की काठावर ॲल्युमिनियमच्या फळ्यांची भिंत उभी राहते, खांब रोवायचे, फळ्या सरकवायच्या, की झाली भिंत. पाणी गेलं की परत काढून ठेवायची. कायमची काँक्रीटची उंच भिंत का नाही बांधत असं मी एकदा विचारलं तर घरमालकीणबाई माझ्याकडे असं बघायला लागल्या की जणू मी देवघराला सिमेंट लावायला सांगितलंय. नदी दिसायला नको? मग इथे राहायचं कशाला?

रोजचं जगणं म्हणाल तर गाव छोटंसंच आहे. सांक्ट मांगच्या जुन्या मठात चर्च संगीताचं कॉलेज आहे, 1874 मध्ये सुरू झालेलं, इकडे 2001 मध्ये हललं. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात आणि कुणीतरी ऑर्गनवर एकच तुकडा परत परत घोटत असतं, तेच ते चुकतं, परत पहिल्यापासून. शेजारच्या बेकरीतल्या बाईंनाही तो तुकडा पाठ झालेला असतो. पूर्वेच्या टोकाला ग्रीस नावाच्या भागात बैठी, साधी घरं, कोळ्यांची नि कारागिरांची जुनी वस्ती, तिकडे अजून दोरीवर कपडे वाळताना दिसतात जे जर्मनीत फार दिसत नाही. पण भाडी मात्र आता तिथलीसुद्धा वाढलीत. ज्या कारणासाठी मी इकडे आले ते कारणच संपलंय म्हणा ना, आज नव्याने शोधायला लागले असते तर मला इथे जागा परवडली नसती. वारसा यादीत नाव, पुलावर गाड्या बंद, नदीकाठ, कॅफे, मग काय होणार. खालच्या मजल्यावरचा घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा गेला आणि तिथे फ्लॅट टुरिस्टांना दिवसाच्या भाड्याने जायला लागला, आता जिन्यात बॅगांच्या चाकांचा खडखडाट.

वर्षातून दोनदा मात्र गाव गावासारखं होतं, मे महिन्यात आणि उन्हाळा संपता संपता, डुल्ट नावाची जत्रा भरते तेव्हा. एरवी पार्किंग म्हणून वापरतात त्या मैदानात पाळणे, बिअरचे तंबू, भाजलेले गोड बदाम. पोरंटोरं पाळण्यात नि तंबूत, पण आमच्या घरमालकीणबाईंचा इंटरेस्ट फक्त दुसऱ्या बाजूला, जिथे मालाची दुकानं लागतात. ब्रश, झाडू, लाकडी चमचे, सुया, मसाले, भिंतीवरचा डाग घालवणारी जादूची पावडर आणि ती माईकवरून विकणारा माणूस, अगदी आपल्या जत्रेतला वाटावा असा. बाई दरवेळी एक बटाटे सोलायचं यंत्र विकत घेतात. घरात त्यांची एक अख्खी ड्रॉवर आहे, एकही धड चालत नाही. मागच्या वेळी मी म्हटलं, अहो कशाला परत तेच. तर म्हणाल्या, तो माणूस माझ्या लग्नाआधीपासून येतोय, त्याच्याकडून घ्यायचं नाही तर काय ऑनलाईन मागवायचं? आणि मलाही एक घ्यायला लावलं, सहा युरोला, माझंही चालत नाही.